वानरासाठी घातलेले गाऱ्हाणे

दोन पदव्या घेऊनही चार माणसांसमोर तोंड उघडणे मी आयुष्यभर टाळले. मुंबईतली नोकरी कागदांच्या आड बसून झाली. निवृत्तीनंतर थोरल्या भावाकडे गावी राहायला आले, आणि आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी बुधवारचा वाचनवर्ग माझ्यावर सोपवला. त्यांनी आरोग्याचे एक कपाट नव्याने लावले होते. त्यातले काहीतरी दर आठवड्याला मोठ्याने वाचून दाखवायचे. ऐकायला येत त्या काजूच्या बागांत राबणाऱ्या बाया, बहुतेक माझ्याच वयाच्या. पहिल्या दिवशी मधुमेहावरचे पान मी मान वर न करता एका दमात वाचून टाकले.

त्या माघात मी माकडतापाचे पत्रक वाचले. मेलेल्या वानराच्या अंगावरच्या गोचिडी खाली पडलेल्या पानांच्या पातेऱ्यात उतरतात. त्यातली एखादी चावली तर माणसाला ताप येतो, आणि तोही लगेच नव्हे, काही दिवस वाट पाहायला लावून. म्हणून अशा वानराला हात लावू नये, आरोग्य केंद्राला कळवावे, असा त्याचा आशय होता.

"बाये, जरा मोठ्यान वाच गो," मागच्या बाकावरची म्हातारी म्हणाली. "रोगाक ऐकाक येयत म्हणान भियतंस काय?"

हशा झाला. तो ओसरल्यावर तिच्या शेजारणीने विचारले, "म्हणजे मारुतीक असोच उघड्यार टाकूचो? ह्या पाप खंय फेडूचा?"

मी पत्रक उलटून पाहिले; त्यात याबद्दल काही नव्हते. आमच्याकडे वानर मेले तर त्याला हळदकुंकू लावतात, कोऱ्या कापडात गुंडाळून पुरतात आणि वर नारळ ठेवतात. पत्रक लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसावे.

संध्याकाळी दादा पडवीत काजूची बी सोलत होता. "काय गो, आज खंयचो रोग वाचलंस?"

"माकडताप."

"मगे एखादो बरोसो रोग वाच ना. आमका झेपात असो."

मी हसले आणि पत्रकात काय होते ते त्याला सांगितले. मात्र त्याच सुमारास केव्हातरी माझ्या लक्षात आले, की सकाळी छपरावर होणारी धडधड थांबली आहे. वानरांची टोळी रोज आमच्या कौलांवरून बागेत उतरायची. दादा तिला शिव्या घालीत मागे धावायचा. आता बाग गप्प होती. काजूचे पिकलेले बोंडू कोणी चावा न घेतलेले, तसेच झाडावर लटकत होते. दादा म्हणाला, "बरा झाला, ह्या वर्साक पीक तरी हाताक लागतला." मला ते बरे वाटले नाही, पण तसे बोलण्याइतकी माझी खात्रीही नव्हती.

मग एका सकाळी शेजाऱ्यांच्या बागेत वानर पडलेले सापडले. वाडी जमली. कोणी कुंकवाचा करंडा आणला, कोणी पंचा. मी घाईने गेले आणि गर्दीच्या मागे उभी राहून म्हणाले, "हात लावू नका." कोणाला ऐकू गेले नाही. मी पुन्हा म्हणाले. दोघे जण वाकले होते, त्यांनीही मान वळवली नाही.

दादाने मात्र वळून पाहिले. वाडीत गाऱ्हाणे घालण्याचा मान आमच्या घराकडे आहे; लग्न असो, विहीर असो, देवाशी बोलायचे ते दादाने. तो थट्टा करील अशी माझी खात्री होती. तो पुढे झाला, वाकलेल्या दोघांना हाताने मागे सारले आणि नारळ वर धरला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे सवयीने म्हणाले.

"आज तुझा लेकरू ह्या जाग्यार पडला हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका हात लावची आमची इच्छा आसा, पण येळ वायट आसा. दवाखान्याची माणसा येयसर आमी लांब ऱ्हवतलव, नारळ हयसूनच ठेवतलव. काय चुकला माकला तर पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माणसे मागे सरली. मी वर्गात जे वाचून दाखवले होते, ते त्याने दोन वाक्यांत सर्वांकडून कबूल करून घेतले होते. मी फोन केल्यावर आरोग्य केंद्राची माणसे आली, हातमोजे घालून त्यांनी आपले काम केले, भोवती पावडर मारली. परतताना मी आनंदात होते. माझे बोलणे निदान एकाने तरी मनावर घेतले होते, असे मी समजत होते.

आमच्या कुंपणाच्या बेड्यापाशी दादा थांबला. "काल तिन्हीसांजेक आपल्या बागेत एक गावलेलो. मीच पुरलंय."

"हातांनी?"

"मगे काय पायान?"

दोघेही हसलो नाही. घरी जाऊन मी पाणी तापवले. त्याने ते मुकाट्याने अंगावर घेतले, कपडे उकळायला दिले. एरवी यातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याने वाद घातला असता. त्यानंतर तो रोज बागेत जात राहिला आणि मी त्याच्या चहा पिण्याकडे, चालण्याकडे, झोपण्याकडे पाहत राहिले. माझे पाहणे त्याला कळत होते. "इतक्यात मरनंय नाय," असे एकदा तो चिडून म्हणाला.

एका दुपारी तो अर्धी टोपली भरूनच परतला आणि पायरीवर बसला.

"त्या तुझ्या कागदात पयला काय दुखता म्हणान लिवला हा?"

"डोके."

त्याने कपाळावरचा हात काढला नाही.

मी रस्त्यावर धावत जाऊन रिक्षाला हाक मारली. तशी हाक मी पूर्वी कधी मारली नव्हती.

आता दवाखान्यात त्याच्या खाटेशेजारी बसून हे लिहिते आहे. रक्त तपासायला पाठवले आहे, अहवाल आलेला नाही. ताप मधेच उतरतो, पुन्हा चढतो. सकाळी थोडी शुद्ध होती तेव्हा तो म्हणाला, "वाच गो काय तरी. रोगाचा नको."

पिशवीत वाचनालयाचे प्रवासवर्णन होते, ते वाचायला घेतले. पलीकडच्या खाटांवरची दोन माणसे ऐकू यावे म्हणून कुशीवर वळली. काजूच्या चिकाने त्यांचीही बोटे काळी पडलेली आहेत.