मेन बंद केलं का?

वायरमनच्या पिशवीत दोन गोष्टी आपोआप साठतात, स्क्रू आणि किस्से. स्क्रू हवा तेव्हा सापडत नाही, आणि किस्से चहाच्या टपरीवर कुणी न विचारता बाहेर पडतात. माझे तर निम्मे किस्से एकाच प्रश्नाचे आहेत : "मेन बंद केलं का?"

दोन हजार पाच-सहाच्या आसपास मी आणि सलीमभाई भिवंडीत घरगुती वायरिंगची कामं करायचो. सलीमभाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, खाडीकाठच्या गावचे, मराठी माझ्याहून चांगलं. मला दिल्या म्हणायचे. कामाची पद्धत ठरलेली. आधी चालू बोर्डात घालून टेस्टर धड आहे ना ते बघायचं. मग मेन बंद. मग बिघडलेल्या सॉकेटच्या भोकांत टेस्टर. प्लेट उघडली की मागच्या एकेका वायरला पुन्हा टेस्टर. हे सगळं सलीमभाई करायचे. ते "बंद" म्हणाले की मी आत हात घालायचो. म्हणजे बघा, माझा जीव त्यांच्या एका शब्दावर!

*

नारपोलीत लूमवर काम करणाऱ्या चौघांची एक खोली होती, चौघेही यूपीचे. सॉकेट काळं पडलेलं. मी प्लेटचे स्क्रू काढता काढता दाराशी उभ्या असलेल्याला ओरडून विचारलं, "मेन बंद किया क्या?"

"हां, मैं बंद किया!"

वर बघितलं तर पंखाही थांबलेला. झालं की! मी हात पुढे केला, तेवढ्यात सलीमभाईंनी टेस्टर लावला. पेटला!

मला काही कळेना. पंखा बंद, मेन बंद, आणि वायर चालू? सलीमभाईंनी त्याला जवळ बोलावलं. "किसने बंद किया?"

"मैं."

"क्या बंद किया?"

"पंखा! आपका कागज उड रहा था."

*

तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. एक बाई म्हणाल्या, "अहो, लाईटच नाहीये, मेन कशाला बंद करताय? बारापर्यंत येत नाही. गॅरंटी!" पेपरमधून कापलेलं टाइमटेबल त्यांनी फ्रिजवर चिकटवलं होतं. ते मागच्या आठवड्याचं होतं, हे नंतर कळलं.

सलीमभाई हसले आणि मेन बंद करून तिथेच उभे राहिले. मी सॉकेट खोललं, जळकी वायर कापली, आणि शेजारच्या घरात टीव्ही एकदम बोंबलायला लागला. अकरा वाजता! मेन चालू असतं तर मी त्या दिवशीच कामातून गेलो असतो.

बाईंचं मात्र वेगळंच. त्या तडक फोनकडे गेल्या. "हॅलो, हा काय अन्याय आहे हो? शेजारी लाईट आली, आमच्याकडे का नाही?"

सलीमभाई मेनवर हात ठेवून ऐकतायत. "ताई, तक्रार नोंदवून झाली की सांगा," ते म्हणाले, "मग चालू करतो."

*

एका रिटायर्ड मास्तरांकडे मेन खरोखर बंद होतं. मी स्वतः जाऊन बघितलं. तरी कॉम्प्युटरच्या सॉकेटमध्ये टेस्टर पेटतोय! मी मेन परत चालू केलं, परत बंद केलं. तरी पेटतोय!

मास्तर म्हणाले, "हे विज्ञानाला धरून नाही. मेन बंद म्हणजे प्रवाह बंद. तुमचा टेस्टर खोटं बोलतोय."

सलीमभाई वायरचा माग काढत काढत बेडरूमपर्यंत गेले. कपाटामागे इन्व्हर्टर! लोडशेडिंगमध्ये कॉम्प्युटर चालावा म्हणून जावयाने परस्पर जोडून दिलेला.

"सर, विज्ञान बरोबर आहे," सलीमभाई म्हणाले. "जावयाचं बघा."

*

मग टेस्टरांची साथ आली. सलीमभाईंचा टेस्टर चालू बोर्डातही पेटेना. फेकला, नवा घेतला. आठ दिवसांत तोही गेला. दुकानदार म्हणाला, "भाई, टेस्टर खाता का काय?"

तिसरा त्यांनी फेकला तो मी गुपचूप खिशात टाकला. घरी जाऊन सॉकेटमध्ये घातला, तर लख्ख पेटला! दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या हातात दिला.

"मेलाय तो," ते म्हणाले.

माझं डोकं चालेना. मला वाटलं, त्यांच्या चपलेचा रबर जाड, म्हणून त्यांच्या हातात टेस्टर पेटत नसेल. तसं बोललो तर त्यांनी लगेच नव्या चपला आणल्या!

त्यांची मुलगी रुबिना एकदा चहा देताना म्हणाली, "अब्बा, डोळे तपासून घ्या ना. काल बटाटा समजून कांदा चिरत होता."

"वायरमनला चष्मा लागला की गिऱ्हाईक पळतं," सलीमभाई म्हणाले. विषय संपला. मी चहा संपवला. सरळ तोंडावर विचारायला पाहिजे होतं. धाडसच झालं नाही हो! ज्या माणसाने काम शिकवलं, त्याला कसं विचारायचं, "तुम्हाला दिसतं ना?"

*

त्यानंतर महिन्याभरात अकलोलीचं काम निघालं. दोन भावांचं एकच घर, मधे भिंत घालून वाटून घेतलेलं. धाकट्याच्या बायकोने, काकीने, ओटीवरच्या सॉकेटच्या तिन्ही भोकांत कणीक भरून ठेवली होती.

"नातू बोटं घालतंय," काकी म्हणाली. "मंग काय करू?"

"काकी, ओली कणीक म्हणजे करंटला आमंत्रण!"

"सुकी झालीय आता," काकी म्हणाली आणि सुके बोंबील निवडायला बसली.

मी आत जाऊन मेन बंद केलं. घरातला दिवा गेला, पंखा गेला. सगळं नीट. प्लेट खोलली, कणीक खरवडली. मागे चार वायरी. सलीमभाईंनी पहिल्या वायरला टेस्टर लावला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर आठी नव्हती.

"बंद," ते म्हणाले.

मी हात पुढे केला. वायर बोटभर अंतरावर राहिली असेल.

"आरं ए," काकीने खालून विचारलं, "त्या पेचकसात लाल पेटलंय, ते तसंच असतंय का?"

मी हात मागे घेतला तो थेट छातीशी. भिंतीपलीकडे थोरल्या भावाचा मिक्सर फिरत होता. सॉकेट त्याच्या मीटरवर!

रागही आला आणि रडूही.

सलीमभाईंचा चेहरा पांढराफटक. "दिल्या," ते म्हणाले, "तू बघत होतास ना?"

"मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो, सलीमभाई. नेहमीसारखं."

त्यांनी टेस्टर खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, "मी तुझ्या. दोन महिने झाले."

काकीने बोंबील खाली ठेवला. एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"आनि मंग दिवा कोन बघत व्हतं?"