सायलीचा नंबर दोन ठिकाणी लागला

भिगवणच्या स्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर आहे. लोक येतात, कागदांची झेरॉक्स घेऊन जातात आणि किस्से मात्र ओरिजिनल सोडून जातात. मेडिकलच्या अ‍ॅडमिशनच्या दिवसांत तर ते इतके साठतात, की काही सांगून टाकल्याशिवाय नवीन ठेवायला जागाच उरत नाही!

* * *

यादीत मिळालेलं कॉलेज कायम ठेवायचं असेल, तर 'रिटेन्शन फॉर्म' भरावा लागतो. आमच्याकडे हा शब्द अर्धाच पोचलाय. परवा एक बागायतदार आले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "मॅडम, पोराच्या टेन्शनचा फॉर्म भरायचाय."

मी म्हणाले, "काका, टेन्शन नाही. रि-टेन्शन."

काका दचकले. "म्हंजी परत टेन्शन? आवो, एकदा घेतलं की न्हवं!"

* * *

यंदाचं खरं टेन्शन होतं दत्तूतात्यांच्या सायलीचं. तात्या चौकात मासळी विकतात. सायलीची आई ती लहान असतानाच गेली, त्यामुळे घरात बापलेक दोघंच. पोरीनं अभ्यास केला तोही मासळीच्या टपरीमागं बसून. आणि नंबर लागला तो एकदम दोन ठिकाणी! देशाच्या यादीतून मुंबई, राज्याच्या यादीतून बारामती.

तात्यांना मी दोन्ही नावं स्क्रीनवर दाखवली. त्यांनी आधी दाराकडं बघितलं, मग हळूच म्हणाले, "कॉम्प्युटरचं कायतरी चुकलंय, मॅडम. तुमी त्यास्नी सांगू नका!"

चूक नव्हती. पण मूळ कागदपत्रं एकाच कॉलेजात जमा करता येतात आणि हातात चार दिवस होते.

* * *

माझ्या सेंटरवर रोज सकाळी आबा पेपर वाचायला येतात. साखर कारखान्यातून रिटायर झालेत, सल्ला द्यायचं काम अजून चालू आहे.

आबा म्हणाले, "मुंबईच! मुंबईचा डॉक्टर म्हनलं की मानूस निम्मा बरा व्हतो."

तात्यांनी विचारलं, "आनि बारामतीचा म्हनलं की?"

"मग मानूस इचारतो, कुनाची पोरगी?"

तात्यांना ते पटलं. दोन दिवसांत चौकातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चिलापी मासळीबरोबर मुंबईही पिशवीत मिळाली. सायली मात्र नुसती मासळी तोलून देत होती.

* * *

तोवर गावानं तिला डॉक्टर करूनही टाकलं होतं. एक गिऱ्हाईक मासा साफ होईपर्यंत तिला गुडघा दाखवत बसलं.

सायली म्हणाली, "काका, माझी अजून अ‍ॅडमिशनसुद्धा झाली नाही."

"म्हनून तर आत्ता आलोय! नंतर तुज्याकडं नंबर लागंल का आमचा?"

* * *

तात्यांचा एक नियम आहे. माल बघितल्याशिवाय नको म्हणायचं नाही. म्हणून बारामती बघून यायचं ठरलं आणि फॉर्ममधलं कळणारी बाई म्हणून मलाही सोबत नेलं.

आम्ही ओपीडीच्या बाकावर टेकलो. समोर एक आजीबाई तपासून घ्यायला बसल्या होत्या. डॉक्टर तरुण, परराज्यातला, मराठी नुकतंच शिकत असलेला. आजी म्हणाल्या, "डागदर, पायाला लई मुंग्या येत्यात."

डॉक्टरांनी वाकून पाय बघितले. स्टुलाखाली बघितलं. मग फार मायेनं म्हणाले, "आजी, पाय धुवायचे. घरात साखर सांडायची नाही."

सायली ताडकन उठली. "सर, खऱ्या मुंग्या नाहीत! पाय बधिर होतो, झिणझिण्या येतात, त्याला मुंग्या म्हणतात."

डॉक्टर मनापासून हसले. खिशातून वही काढून त्यांनी ते लिहून घेतलं आणि आजींना पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागले. आजींनी मात्र सायलीचा हात धरला, तो सोडेचनात. पोटात कालवतंय, डोळ्यापुढं अंधारी येती, सगळं तिच्याकडं बघूनच सांगितलं.

शेवटी म्हणाल्या, "तू हितलीच का गं?"

"अजून ठरलं नाही, आजी."

"त्यात काय ठरवायचं? बस की हितं!"

परतताना एसटीत तात्या मुंबईबद्दल बोलत होते. सायली खिडकीतून बाहेर बघत होती आणि एकटीच हसत होती.

* * *

चौथ्या दिवशी दोघं सेंटरवर आले. ज्या कॉलेजात जायचं, त्याचं एकच पत्र प्रिंट करायचं होतं. तात्यांनी तिला चहा आणायला पिटाळलं आणि माझ्याजवळ सरकले.

"मॅडम, मुंबईचं काढा. मी एकटा पडंन म्हनून ती बारामती म्हनंल. भाकरी येती मला थापता. तिला सांगा, बारामतीचा सर्वर डाऊन हाय."

मला भरून आलं. मी फक्त दाराकडं खूण केली. कारण सायली चहा घेऊन दारातच उभी होती.

"तात्या," ती म्हणाली, "तुमच्यासाठी घ्यायची असती तर मुंबईच घेतली असती. सगळ्या चौकाला सांगून बसलाय तुम्ही!"

तात्या खाली बघत म्हणाले, "मग कुनासाठी?"

"माझ्यासाठी. मला त्या आजीचं सगळं कळत होतं, तात्या. तिचा पाय कशानं बधिर होतो, तेवढंच कळत नव्हतं. ते मला तिथंच शिकायचंय."

तात्यांनी माझ्याकडं वळून होकारार्थी मान हलवली. मी बारामतीचं पत्र काढलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, घडी न घालता लेकीकडं दिलं आणि तिच्या हातातला चहा घेतला.

तेवढ्यात आबांचा फोन आला. "काय तात्या? झालं का न्हाय मुंबईचं?"

तात्या चौकात मासळी विकतानाच्या आवाजात म्हणाले,

"आबा, मुंबईची एक सीट शिल्लक हाय! कुनाला पायजे आसंल तर धाडून द्या!"