आईच्या हातावरचा मारुती

पोलीस अॅक्शन होऊन गेल्यावर आम्ही देवगाव रंगारीहून औरंगाबादला आलो आणि इथंच आईबाबांनी बाप्तिस्मा घेतला. कुंकू गेलं, घरातले देव गेले, रविवारची पांढरी साडी आली. राहिला एकटा मारुती! लहानपणी जत्रेत आईच्या हातावर गोंदवलेला, गदा-शेपटीसकट. तो काय धुऊन जातोय!

छावणीतल्या आमच्या देवळात (आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणायचो) कारभार बघणारे एक पंच होते. भारी कडक माणूस! "हा हात पसरून प्रभुभोजनाची भाकर घेणार तुम्ही?" त्यांनी आईला सगळ्यांदेखत विचारलं.

झालं! आईला तर पहिल्या प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांबरोबर भाकर खायची, आस लागलेली. ऐन मे महिन्यात ती मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून घामानं निथळायला लागली. तरी पंचांचं तोंड वाकडंच. मग एके दुपारी ती बिब्बा तापवून हाताची कातडी जाळायला बसली. मी बोंब ठोकली. बाबा धावत आले, बिब्बा फेकून दिला आणि तिला तडक देवळात उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांपुढं नेऊन उभं केलं. पंचही तिथंच बसलेले.

पाळकसाहेबांनी मारुती नीट बघितला आणि हसले. "राहू द्या त्याला. बाई, तुमच्या आत काय बदललं ते सांगा."

आई गोंधळली. "काय सांगू साहेब? तोंड लई फाटकं माझं. आधी बी व्हतं, आता बी हाय. पर आधी कुनाला टोचून बोलले की भाकर गोड लागायची. आता घास उतरत नाय."

"रविवारी या," साहेब म्हणाले. "आणि ते लांब बाह्यांचं पोलकं नको. उकडतंय किती!"

पंचांचा चेहरा असा काही पडला की मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

रविवारी आम्ही पहिल्या बाकावर बसलो. भाकरीचं ताट घेऊन पंच स्वतःच आले. आईनं हात पुढं केला आणि एकदम मागं घेतला.

"नको."

पंचांनी डोळे वटारले असणार म्हणूनच, असं मला वाटलं. अस्सा संताप आला त्यांचा! "अगं, घे की!" मी आईला कोपरानं ढोसलं.

"सकाळी नळावर भांडताना शेजारच्या खालाला वांझ म्हनले मी." आईनं पदर सावरला. "आधी तिच्याकडं जाऊन येते."

आणि भर उपासनेतून उठून माझी आई चालती झाली. मला रडूच कोसळलं. मागच्या बाकावरचे खाकरले, पुन्हा खाकरले, पण पंच ताट धरून, आई गेली त्या दाराकडं बघत तिथंच उभे राहिले.