बदलीच्या अर्जातलं वर्णन

नाशिक रोडच्या एका शाळेत मी मराठी शिकवतो. निबंधाचे प्रकार सांगताना माझी गाडी सुसाट सुटते. कथन म्हणजे काय, वर्णन म्हणजे काय, विवेचन कुठे सुरू होतं, सगळं तोंडपाठ. त्यातही वर्णन माझं लाडकं. प्रसंग सांगण्याआधी जागा उभी करा, हे मी मुलांना इतक्यांदा सांगितलंय की मागच्या बाकावरची मुलं माझी नक्कल करताना तेच वाक्य म्हणतात.

याच वाक्याने माझ्या बायकोचे सहा महिने वाया घालवले.

ती नर्स. तिची नेमणूक सुरगाण्याकडच्या एका आरोग्य केंद्रात होती. सोमवारी पहाटे ती वणीमार्गे बसने जायची आणि शनिवारी उशिरा परत यायची. आमची मुलगी तेव्हा पहिलीत होती. ती माझ्याजवळ राहायची, आणि तिची वेणी मीच घालायचो, वाकडी. घरी एकत्र राहायला मिळावं एवढंच आम्हाला हवं होतं, म्हणून बदलीचा अर्ज करायचं ठरलं. मराठीचा मास्तर घरात असताना अर्ज दुसरा कोण लिहिणार?

मी आधी जागा उभी केली. उतारावरची नागलीची शेतं, सकाळी खिडकीपर्यंत येणारं धुकं, केंद्राच्या ओट्यावर फुटक्या माठात लावलेली तुळस, तपासून झाल्यावर शेवग्याच्या शेंगा ठेवून जाणाऱ्या बाया. दोन पानं भरली. आमची अडचण तिसऱ्या पानावर आली. तिथवर बदल्यांचे अर्ज बघणारे साहेब पोचले नसावेत.

ती भेटायला गेली तेव्हा ते कौतुकाने म्हणाले, "मॅडम, इतकं सुंदर गाव आहे, आणि लोकही जीव लावतात. मग बदली कशाला मागता?" अर्ज परत आला. वर शेरा होता, 'कारण स्पष्ट करावे.'

घरी येऊन तिने तो माझ्यासमोर ठेवला. "पर्यटनाची जाहिरात झालीय ही," ती म्हणाली. "आता मी लिहिते."

सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज मागवले तेव्हा तिने एकच पान लिहिलं. 'सोमवारी मी निघते तेव्हा मुलगी झोपलेली असते. शनिवारी पोचते तेव्हाही झोपलेली असते. दोन वर्षांत तिचे चार दात पडले. एकही पडताना मी पाहिला नाही. घराजवळ बदली मिळावी, ही विनंती.'

सवयीने मी लाल पेन हातात घेतलं होतं. टोपण लावून ते खिशात ठेवलं. मला रडू येत होतं, आणि थोडा हेवाही वाटत होता.

तिची ओझरच्या बाजूला बदली झाली. आता ती रोज संध्याकाळी घरी असते आणि वेणी सरळ असते. वर्गात मी अजून वर्णन शिकवतो, पण अर्जलेखनाच्या तासाला जरा आवाज खाली ठेवतो.

परवा दिवाळीच्या आवराआवरीत माझ्या त्या अर्जाची झेरॉक्स सापडली. रद्दीत टाकायला मी हात पुढे केला, पण बायको खाली बसून ती वाचायला लागली. वाचता वाचता थांबली.

"तुम्ही तिकडे एकदाही आला नाहीत."

"नाही आलो." मला ओशाळल्यासारखं झालं.

"मग फुटक्या माठातली तुळस कुठून आली?"

"तूच सांगायचीस की फोनवर."

"मला वाटायचं, तुम्ही नुसतं हं हं करत वह्या तपासताय."

"तपासायचोही," मी कबूल केलं.

ती हसली. तिन्ही पानं नीट जुळवून तिने फाइलमध्ये बदलीच्या हुकमाच्या वर लावली आणि मला माळ्यावरचे डबे काढायला सांगितलं.