म्हणाले, पण कसं म्हणाले?

“म्हणाला, ते कळलं. पण कसं म्हणाला?”

बाईंचं हे वाक्य मी सातवीत पहिल्यांदा ऐकलं आणि आमचं घर त्यांच्याच वरच्या मजल्यावर असल्यानं पुढं पंचवीस वर्षं ऐकत राहिलो. त्या आम्हाला इंग्रजी शिकवायच्या. गोष्टीत ‘सेड’ शब्द दिसला की त्यांचं तांबडं पेन त्याच्याभोवती गोल काढायचं. कुजबुजला असेल तर व्हिस्पर्ड लिही, पुटपुटला असेल तर मम्बल्ड, कुरकुरला असेल तर ग्रम्बल्ड, खेकसला असेल तर स्नॅप्ड. अशी बोलण्याची अठ्ठावीस क्रियापदं त्या वर्गात करून दाखवायला लावायच्या. आम्ही पडलो कोल्हापूरची पोरं. आमची कुजबूजसुद्धा शेजारच्या वर्गात ऐकू जायची. “अरे, हे व्हिस्पर नव्हे, ही आरोळी झाली!” म्हणून बाई कपाळाला हात लावायच्या.

आणि त्यांना नवरा कसा मिळाला होता, बघा. काका गुळाच्या बाजारात सौद्याच्या वेळी बोली पुकारायचे. जन्मभर पुकारून पुकारून त्यांना हळू बोलायचं म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. “बाई, च्या टाका की!” असं ते खालच्या मजल्यावरून म्हणाले की वर आमच्या घरात माझी बायको पातेल्याकडं वळायची. होय, तेही त्यांना बाईच म्हणायचे, सगळ्या शाळेसारखं.

यंदा संक्रांतीच्या आधी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, आणि त्याच्याबरोबर आवाजही. डॉक्टर म्हणाले, “जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं. रोज काय फरक पडतो ते लिहून ठेवा.”

बाईंनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला दोऱ्यानं तांबडं पेन बांधलं. काकांच्या तोंडून दिवसभरात जो काही आवाज येईल त्याचं क्रियापद त्या तारखेच्या चौकटीत जायचं. जानेवारीभर नुसतं कण्हणं होतं, ग्रोन्ड. फेब्रुवारीत एकदा हुंकार आला, ग्रंटेड. त्या दिवशी बाईंनी जिन्यातूनच मला हाक मारून ते सांगितलं. ज्या दिवशी काहीच आवाज नसेल ती चौकट कोरी राहायची. कोऱ्या चौकटींची त्यांना फार भीती वाटायची. त्यांनी कुकर लावायचं बंद केलं होतं. शिट्टीत काकांचं काही ऐकायचं राहून गेलं तर?

हळूहळू सगळी गल्ली तयार झाली. दूधवाली मावशी दारातूनच सांगायची, “बाई, आज काका मम्बल झालं बघा!”

“मम्बल की मटर? नुसतं पुटपुटले की रागानं?”

“ते मला काय म्हाईत? व्हटातल्या व्हटात झालं.”

“मग मम्बल,” असं म्हणून बाई लगबगीनं आत जायच्या. आम्ही हसायचो, पण आमचेही कान त्या खिडकीकडं लागलेले असायचे.

एप्रिलमध्ये काका पुन्हा हुंकारावर आले. बाई कॅलेंडरपुढं उभ्या राहून जूनपर्यंतची पानं बोटानं चाळायच्या आणि पटकन सोडून द्यायच्या. शिकवताना खणखणीत असलेला त्यांचा आवाजही त्या दिवसांत बारीक झाला होता. काकांना काय होतंय यापेक्षा बाईंचं काय होणार याचीच मला काळजी वाटू लागली.

मे महिन्यात एका दुपारी त्या औषधं आणायला गेल्या आणि मी काकांपाशी बसलो. तासभर ते माझ्याकडं नुसते बघत राहिले. बाई आल्या त्या चपला न काढताच.

“काही म्हणाले?”

त्यांचा चेहरा माझ्याच्यानं बघवेना. मी बोलून गेलो, “हो बाई, म्हणाले की.”

“कसं म्हणाले?” स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडरचं पेन धरत त्यांनी विचारलं.

“अगदी स्पष्ट. तुमचं नाव घेतलं.”

हातात धरलेलं पेन त्यांनी सोडून दिलं. “अरे, लग्नातला उखाणा सोडला तर त्यांनी माझं नाव कधी घेतलेलं नाही. सासूबाईंच्या घरात ती पद्धतच नव्हती. खोटं लिहिलं तर उद्यापासून त्या कॅलेंडरवर माझा तरी विश्वास राहील का?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी चहा टाकला. कप माझ्या हातात देताना त्यांनी हळूच विचारलं, “पण ओठ तरी हलले होते का रे?”

मी मान हलवून नाही म्हटलं. ती चौकट कोरीच राहिली.

जूनचा शेवटचा आठवडा होता. सकाळी मी दात घासत होतो, आणि खालून हाक आली. बाजारातली हाक. एकच शब्द होता, आणि तो पुन्हा पुन्हा येत होता. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारलं, “कुणाला हाक मारत्यात वो?” ते नाव गल्लीत कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. मला मात्र एकदम कळलं, आणि मी जिना उतरत सुटलो.

दूधवाली येऊन गेल्यापासून दार उघडंच होतं. बाई शेगडीपाशी पडल्या होत्या आणि दूध उतू जात होतं. काका अर्धे कॉटच्या बाहेर आले होते. डाव्या हातानं कॉटची कड धरून ते बायकोला नावानं हाका मारत होते. दवाखाना येईपर्यंत बाई गेल्या होत्या.

ते नाव मी इथं लिहीत नाही. आमच्यासाठी त्या बाईच होत्या.

मुलगी काकांना पुण्याला घेऊन गेली. आता ते थोडं थोडं बोलतात म्हणे. घराची किल्ली माझ्याकडं असते. परवा झाडांना पाणी घालायला गेलो तेव्हा कॅलेंडर जूनवरच होतं आणि त्या दिवसाची चौकट कोरी होती. मी पेन हातात घेतलं. हाक मारली म्हणावं, तर त्यात रडणंही होतं. ओरडले म्हणावं, तर विनवणीही होती. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मनात म्हणून पाहिली.

शेवटी ‘सेड’ लिहिलं. जरा बारीक अक्षरात लिहिलं आणि भोवती गोलाला जागा ठेवली.