चाकणच्या शाळेत दारामागची भिंत रंगवली

शुक्रवारी शिफ्ट सुटली आणि लक्षात आलं, सोमवारपर्यंत आता आपल्याशी कुणी बोलणार नाही. मारुंजीतल्या खोलीत मी एकटाच. मोबाईलवर चाकणजवळच्या एका शाळेची पोस्ट दिसली, रंग द्यायला माणसं हवीत. म्हटलं, चला.

शनिवारी सकाळी हिंजवडीहून भोसरी, तिथून चाकण. बसचा दिवसाचा पास काढा, स्वस्त पडतो. भोसरीपुढं ट्रक आणि कंपन्यांच्या बसमध्ये तासभर अडकलो. चाकणला रंगाचं दुकान शोधायचं सोडून कांद्याच्या बाजारात शिरलो, लिलाव बघत बसलो. मग डिस्टेंपर आणि दोन ब्रश घेतले, अठराशे गेले. वडापाव वीस.

शाळेत पोचलो तेव्हा एका कंपनीची सारख्या टी-शर्टातली मंडळी वर्ग रंगवून, फोटो काढून निघालेली.

"उशीर केला राव!" एकजण गाडीतूनच ओरडला.

शाळेच्या बाई म्हणाल्या, स्वयंपाकघर तेवढं राहिलंय. दारामागं पेन्सिलीनं आकडे खरडलेले दिसले. वाटलं, पोरांचा उद्योग. गाणी लावून दोन हात मारले.

खिचडी शिजवणाऱ्या मावशी भांडी घेऊन आल्या आणि दाराआड बघतच राहिल्या. "आरं, हितलं नंबर कुठं गेलं?"

"कसले नंबर?"

"काम संपलं की पोरांचं आईबाप दुसरीकडं जात्यात, त्यांचं नवं नंबर. पहाटं टेम्पो भरत्यात, तवा बाई कुठं आलेल्या असत्यात? मी लिवून घेते, बाई मग वहीत उतरवत्यात."

बाईंनी वही आणली. जुने सगळे नंबर होते. चौथीतल्या आरतीचा नव्हता. तिचे आईवडील आजच पहाटे गेलेले आणि बाई सकाळपासून पाहुण्यांच्या चहापाण्यात.

"नवीन जागी शाळेत घातलं का, एवढंच विचारते मी," बाई म्हणाल्या. "विचारलं नाही, तर धाकट्याला सांभाळायला घरीच बसवतात."

ओल्या फडक्यानं पुसलं. रंगाबरोबर पेन्सिलही निघाली.

"त्यांच्याकडं तुमचा नंबर असेल ना?"

"आहे. पण ते कशाला फोन करतील?"

शाळेमागच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर गेलो. शेजारीण म्हणाली, "तळेगावाकडं म्हणत होते. ठेकेदाराला विचारा."

"तो कुठं भेटेल?"

"सापडला तर आम्हालाबी सांगा, भाऊ. आमीबी त्यालाच हुडकतोय."

परत आलो. मावशींनी खिचडी वाढली. कुणी एक शब्द रागानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, माणसं कमीच पडतात. फक्त ब्रश बुडवण्याआधी तिथं रोज असणाऱ्या माणसाला भिंत दाखवा.

आता जेवणाच्या सुट्टीत मी तळेगावकडच्या शाळांना फोन लावतो. आरती नावाची चौथीतली नवीन मुलगी आली का? आतापर्यंत सात शाळा झाल्या. सगळीकडं आधी एकच विचारतात, "तुम्ही तिचे कोण?" मी बाईंचं नाव सांगतो, आणि नाही म्हणाले की पुढची शाळा शोधतो.