पांढरा कोंब

जावयाने अगदी मायेने केळ कापली. सासरे दुपारचे आडवे झाले होते, सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, आणि लग्नानंतर हा पहिल्यांदाच एकटा मुक्कामाला आलेला. नुसतं बसून खायचं तरी किती, म्हणून परसात उतरला. तिथे कोपऱ्यातल्या केळीच्या पानांवर पांढरे पट्टे दिसले. त्याने विळा शोधला, केळ जमिनीलगत उडवली, तुकडे कचऱ्याच्या गाडीत घातले आणि हात धुऊन सासऱ्यांच्या उशाशी उभा राहिला.

"बाबा, तुमच्या केळीला रोग लागला होता. वेळेवर दिसला म्हणून बरं!"

सासरे, म्हणजे रंगारी, ताडकन उठले. जन्मभर कापडाच्या कारखान्यात रंगाच्या हौदापुढे उभा राहिलेला माणूस. दार उघडताना मुलगी आधी त्यांचे हात बघायची, आज बाबा निळे की तांबडे? नोकरी संपली, हात स्वच्छ झाले आणि रंगारी घरात हरवल्यासारखे फिरू लागले. मग त्यांनी परसात शोभेच्या केळी लावल्या. एकीच्या पानांवर डाळिंबी शिंतोडे, दुसरीची पानं खालून वांगी रंगाची, आणि तिसरी ही, हिरव्यावरून दुधाचा कुंचला फिरवल्यासारखी. फळं येतात का, असं कुणी विचारलं की त्यांची बायको सांगायची, "छे हो. नुसती नटून उभी राहते. आमच्या नणंदेसारखी."

दुपारी रंगारी त्या पानांखाली खुर्ची टाकत. ऊन पानांतून गाळून अंगावर उतरे. सदरा क्षणात गुलाबी, क्षणात हिरवट. वारा आला की रंग हलत, आणि आपण एखाद्या मोठ्या, संथ हौदाच्या तळाशी बसलोय असं वाटून त्यांचे डोळे मिटत.

"छान केलंत," ते जावयाला म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन घटाघटा पाणी प्यायले.

"पाणी काय पिताय? बोला ना त्याला!" बायको कुजबुजली.

"जावई आहे गं."

"म्हणून वाचला. माझा भाऊ असता तर तोच विळा घेऊन धावला असतात."

आशा एवढीच, की गड्डा जमिनीत शाबूत होता. पण पट्टेवाल्या केळीचं काही सांगता येत नाही. येणारा कोंब स्वतःच्या मर्जीचा असतो. जावई घरी परतल्यावर काही दिवसांनी पहिला आला तो हिरवागार, दांडगट. असा कोंब लगेच खणून काढायचा, नाहीतर सगळं अन्न तोच गिळतो आणि पट्टेवाला वर येतच नाही. रंगारी कुदळ घेऊन वाकले, तर शेजारी मातीतून आणखी एक टोक डोकावत होतं. पांढरं. हिरव्याचा धागासुद्धा नाही. रंगात बुडवण्याआधीचं कापड असतं ना, तसं.

रंगारी कुदळीवर रेलून बघत राहिले. पांढऱ्या पानाला स्वतःचं अन्न करता येत नाही. हिरवा भाऊ गड्ड्यातून जे पोचवेल, त्यावर त्याचा जीव. हिरवा काढला, तर उद्या कदाचित पट्टे येतील. पण हा नक्की जाईल.

"ऊन लागलं तर करपेल हो ते," कुंपणापलीकडून शिंपीणबाई म्हणाल्या. त्यांनी मशीनवरचा जुना झिरझिरीत पडदा काढून दिला. "घ्या, बाळाला झबलं. बदल्यात पट्टेवालं एक रोप मला."

"दिलं," रंगारी तंद्रीत बोलून गेले.

संध्याकाळी जावयाचा फोन आला. आवाज पार बसलेला. "बाबा, तो रोग नव्हता म्हणे. तुमची मुलगी माझ्याशी बोलत नाहीये."

"तिला म्हणावं, येऊन बघ. तुम्ही कापलीत म्हणून हा वर आला."

"कोण वर आला?"

"या दोघंही. फक्त विळा शोधू नका, मी तो लपवलाय."

फोन ठेवून त्यांनी कुदळ सांदीत उभी केली आणि हिरव्याच्या बुंध्याशी खत घातलं, गुपचूप, लाच दिल्यासारखं.

पांढरं पान हळूहळू उलगडलं. पडद्याखाली खुर्ची ओढून रंगारी बसले, की त्या पानातून कुठलाच रंग येत नसे. नुसता उजेड, कोमट, अंगावर ठेवलेल्या तलम पंच्यासारखा. आपण झोपलोय की जागे, हे त्यांना धड कळत नसे, आणि कळून घ्यायची घाईही नसे.

"अहो, माझं पट्टेवालं रोप?" कुंपणावरून आवाज येई.

"देतो, देतो."

"कुठून देणार?" बायको शेंगा सोलता सोलता विचारी. "तो दांडगट काढाल तेव्हा ना!"

"पडदा परत मागतायत का त्या?"

"नाही."

"मग मागू दे की रोप," म्हणून रंगारी डोळे मिटून घेत.